खारीतल्या वालाच्या गाठी

माझ्या धाकट्या बहिणीचं, वेणूचं, लग्न उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरात झालं ते साल १९५४. वऱ्हाड गेलं होतं, पण मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडले होते. सकाळी मी आणि आई शेतावर गेलो, तर आमच्या वालात एक बाई उकिडवी बसलेली. तिने एक झाड खुरप्याने मुळासकट काढलं होतं आणि डब्यातल्या पाण्यात ती त्याची मुळं धूत होती.

आई, भीमाबाई, बांधावरूनच ओरडली, "कोन गो तू? भरल्या शेंगांचा झाड काढलास! मुळा खातंस का काय?"

"खात नाही मावशी, बघते. या, तुम्हीही बघा."

ती पनवेलच्या कर्णिकांची चंद्रावती. पुण्याला शेतकीचं शिक्षण घेऊन सरकारी खात्यात लागली होती आणि मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास करायला परत पनवेलला आली होती. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. त्या आम्ही जन्मभर पाहत आलो होतो आणि कीड समजत होतो. तिने एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी निघाली.

"झाडाला रगत?" मी विचारलं.

"रक्ताच्याच जातीचं काहीतरी आहे. या गाठीत जिवाणू राहतात. झाड त्यांना खायला घालतं, ते झाडाला हवेतलं खत करून देतात."

"म्हंजे घरजावय ठेवलाय," आई म्हणाली.

"हो, पण कामाचा!"

आई हसली आणि झाडाचं भांडण तिथेच मिटलं.

आमची दुसरी जमीन खाडीच्या बाजूला, खारीत, म्हणजे बांध घालून राखलेल्या खारट जमिनीत होती. तिथे पावसाळ्यात भात होई, पण मागून वाल टाकला की तो पिवळा पडून बसे. बाईंनी तिथली झाडं खणली. एकाही मुळावर गाठ नव्हती. त्यांनी ती मुळं धुऊन पुन्हा पाहिली. मग म्हणाल्या, "जगन, वरच्या शेतातले जिवाणू या वालाला दिले तर?"

पुढली बारा-चौदा वर्षं त्या प्रश्नात गेली.

वरच्या शेतातल्या गाठी त्या घेऊन गेल्या आणि आपल्या खोलीत त्यांनी त्यातले जिवाणू बाटल्यांमधून वाढवले. बाटलीत साईसारखा थर दिसे. गुळाच्या पाण्यात तो कालवून वालाच्या बियांना चोळायचा आणि बी पेरायचं, अशी रीत. खारीतलीच माती भरून त्यांनी पनवेलच्या घरी ओटीवर कुंड्या मांडल्या होत्या. त्या कुंड्यांतल्या वालाला गाठी आल्या. म्हणून कार्तिकात, भात कापल्यावर, चोळलेलं बी त्यांनी आमच्या घरी आणून दिलं. आम्ही ते खारीत पेरलं. एकही गाठ आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मला मात्र तोवर नाद लागला होता. ताग, चवळी, शेवरी, करंज, जे दिसेल त्याची मुळं मी उकरून बघायचो. करंजाला गाठी निघाल्या त्या दिवशी मी धावत पनवेलला सांगायला गेलो. शेजारचा शिवा गावभर सांगत फिरे, "जगन्याला उंदराचा वारा लागलाय. पोरगी द्यायची तर बिळात द्या."

तिसऱ्या वर्षी बाई आल्या त्या शेताकडे न जाता सरळ ओटीवर येऊन बसल्या. आईने चहा ठेवला आणि विचारलं, "काय झाला गो बाय?"

"पुण्याचे साहेब पौषात बघायला येणार आहेत. या खेपेला खारीत गाठी दिसल्या नाहीत तर इथलं काम बंद. मला जळगावला पाठवतील, कापसावर."

"कापसाला गाठी नसतात?" मी विचारलं.

"नसतात," त्या म्हणाल्या.

त्यांना एकच कोडं होतं. माती तीच, बी तेच, मग कुंडीत येतं ते शेतात का येत नाही? त्यांनी ठरवलं की या वेळी बी देऊन परत जायचं नाही, पेरणी संपेपर्यंत आमच्याकडेच थांबायचं. सकाळी त्यांनी बी दिलं, खारीत जाऊन बांधाजवळची माती बघितली आणि दुपारी घरी आल्या. अंगणात हातरी पसरलेली. तिच्यावर त्यांचं बी भर उन्हात वाळत होतं, आणि आई त्याला चुलीतली राख चोळत होती.

"मावशी, हे काय?"

"ऊन देतंय. वला बी पेरला तर कुजतंय. न् तू गूळ लावतंस, त्याला मुंग्या नाय लागनार? म्हनून राख."

"दर वर्षी असंच केलंत?"

"मंग? माझ्या सासूनं बी असाच केला. तू कदी इचारलास नाय."

बाई ओटीवर बसल्या. आधी कपाळाला हात लावला आणि मग हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई घाबरली.

"मावशी, ते विरजण आहे हो. मातीचं विरजण. जिवंत असतं ते."

आईचा हात राखेतच थांबला. "अगो बाय! म्हंजे मी दोन वर्सा विरजन तव्यावर भाजलाय?"

"आणि वरून राख," बाई म्हणाल्या.

आईने ते बी फेकायला घेतलं, पण बाईंनी फेकू दिलं नाही. अर्धं शेत या बियांनीच पेरायचं, त्या म्हणाल्या, म्हणजे फरक कळेल. राहिलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी बाटलीतून नवं बी चोळलं, घरात सावलीला ठेवलं आणि ऊन उतरल्यावर आम्ही ते पेरलं. त्यांनी खुंट्यांवर पाट्या लावल्या. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून मी सावलीच्या बाजूला एक पांढरी चिंधी बांधली. आई रोज तिथे जाऊन मुंग्या बघायची.

पौषात साहेब आले, पायांत बूट, चिखल चुकवत. राखेच्या बाजूचा वाल पिवळा होता. चिंधीच्या बाजूचा हिरवा, पण सगळा नाही. खाडीच्या बांधाला लागून एक पट्टा तिथेही पिवळाच राहिला होता. बाईंनी मधली झाडं खणली. गाठी होत्या. फोडल्या, गुलाबी होत्या. साहेबांनी चष्मा काढून बघितलं. मग बांधाकडे बोट केलं.

"आणि तिथे?"

मला वाटलं, त्या काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. आईने तर मागून त्यांना कोपरानं ढोसलंसुद्धा.

"तिथे एकही गाठ नाही," बाई म्हणाल्या. "मीठ जास्त आहे म्हणावं, तर कुंडीत तेवढ्या मिठात येतात. का नाही, ते मला माहीत नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जळगावला बसून ते कळायचं नाही," ते म्हणाले आणि बूट सांभाळत परत फिरले.

बाई राहिल्या. बांधाच्या कडेला, अगदी मिठात उगवणाऱ्या झाडांच्या मुळांतून त्यांनी जिवाणू शोधले, वाढवले, पुन्हा शोधले. त्या पिवळ्या पट्ट्याची कड दर दोन-तीन वर्षांनी थोडी खाडीकडे सरकत गेली. शेवटची हातभर जागा मात्र त्यांना कधी हिरवी करता आली नाही.

माझी आई भीमाबाई १९६६ च्या श्रावणात वारली. चंद्रावतीबाई कर्णिक १९६८ च्या माघात, पनवेलला राहत्या घरी, कावीळ होऊन वारल्या.