एकच रेघ उमटली तेव्हा

मी बोलतेय ती एका बाईच्या डाव्या काखेतल्या लसिकागाठीतून, सगळ्यांनाच असते तसल्या. मी स्मृतिपेशी, करोनाचा चेहरा लक्षात ठेवणारी. स्वभावानं पक्की संशयी. शेजारणी मला शंकासूर म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म लसीचा. बाईच्या दंडात सुई टोचली आणि विषाणूच्या अंगावरच्या काट्याचा नमुना आमच्यापर्यंत आला. तो ओळखणाऱ्या आम्ही पुष्कळजणी तयार झालो. बऱ्याचजणी काम संपवून गेल्या, मी मागे राहिले. साधी सर्दी आली तरी तिच्याकडेही मी डोळे वटारून बघायचे.

बाई साबणाच्या कारखान्यात वास तपासते. तिच्या वडिलांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय. ते टिकावं म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी त्यांच्या अंगातल्या माझ्यासारख्यांना गुंगी येते. लस त्यांनीही घेतली, पण फारशी लागू पडली नाही. दर रविवारी बाई त्यांची दाढी करायला जाते.

आणि एका शुक्रवारी तो करोना बाईच्या नाकावाटे आत शिरला. रूप जरा बदललं होतं, पण मला फसवतो होय! आम्ही एकच गलका केला आणि त्या गलक्यानंच रविवारी सकाळी बाईचा घसा खवखवायला लागला. तिनं लगेच चाचणी केली. पट्टीवर एकच रेघ. दुसरी उमटणार कशी? चोर अजून थोडेच होते, बोंब आमची मोठी होती.

"थंडी बाधली असेल," बाई नवऱ्याला म्हणाली. साबणाची वडी हुंगली. "वास तर येतोय. शिवाय लस घेतलीय. बाबांकडे जाऊन येते."

तिच्या अंगात मी त्याला पुरून उरले असते, पण तिच्या श्वासातून तो बाहेर पडला तर? ओरडायला मला तोंड कुठंय!

वडील निवृत्त तिकीट तपासनीस. बाईची हाक ऐकून त्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"आवाज का बसलाय तुझा?"

"काही नाही हो बाबा. चाचणी केली, एकच रेघ आलीय."

"असू दे. दाढी वाढली तर वाढली. घरी जा तू."

"पोटच्या पोरीवर संशय घेता?"

"घेतो," म्हणाले आणि दार लावलं. बाई जिना उतरताना रडली. मला मात्र त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दोन दिवसांनी दुसरी रेघ आली. बाईनं वडिलांना फोन लावला आणि रडायलाच लागली.

"रड, पण फोनवरच रड," ते म्हणाले.

आम्ही त्याला हुसकावून लावलं, बाई ठणठणीत झाली. मी परत गाठीत येऊन बसलेय. माझ्यावर भरवसा ठेवा, पण स्वतःपुरताच. मी या एकाच अंगाची राखण करते. समोरच्याच्या अंगात कोणी जागं आहे का, ते मला इथून दिसत नाही. त्या म्हाताऱ्याच्या अंगात कोणी जागं नव्हतं, म्हणून तो बिचारा स्वतः जागा राहिला.