पाहुण्यांनी विचारलंय

रविनाचं बी.ए. कामाला आलं, यावर रानशेतच्या त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. बोरिवलीच्या नयनामॅडमना नीट उत्तरं कोण देणार?

झालं होतं असं, की तिच्या नवऱ्याने, धनेशने, घराची मागची खोली पाहुण्यांसाठी इंटरनेटवर चढवली होती. 'निसर्ग आणि संस्कृती, एकाच अंगणात.' सोबत फोटो, सासूबाई विहिरीतून पाणी शेंदताना. सोनीबाईंना वाटलं होतं, फोटो कुठल्याशा सरकारी कार्डासाठी आहे. म्हणून चेहरा चांगला कडक ठेवला होता. तोच नयनामॅडमना आवडला.

यायचं होतं नाताळात, चार दिवस. पण आखणी दिवाळीपासून चाललेली. जमीन खरंच शेणाने सारवलेली आहे ना? भाकरी चुलीवरचीच ना? तारपा नाच सव्वीस तारखेला, साडेपाचला ठेवता येईल का?

"तारपा भाताच्या दिवसांत वाजतो," सासरे, सुकऱ्याबाबा, म्हणाले. "कधीही वाजवायला तो काय डीजे आहे?"

"वाजवू ना बाबा एकदा," धनेश म्हणाला. "पाहुण्यांनी विचारलंय."

विषय तिथेच मिटला. रविना बघत राहिली. या घरात कुठलीही गोष्ट इतक्या लवकर मिटलेली तिने पाहिली नव्हती.

तिची स्वतःची गोष्ट वर्षभर तशीच लोंबकळत होती. अंगणातली विहीर जमिनीच्या पातळीला, काठावर नुसती दोन लाकडं. आणि चौदा महिन्यांची लेक तुळशी नुकतीच चालायला लागलेली, तीही नेमकी त्याच दिशेला. रविना भाकरी थापायची ती एक डोळा तव्यावर आणि एक विहिरीवर ठेवून. कठडा बांधा, एवढंच तिचं मागणं.

"अगं, तुझा नवरा ह्याच विहिरीकाठी रांगला," सोनीबाई म्हणायच्या. "पडला का?"

"एकदा पडला," सुकऱ्याबाबा प्रामाणिकपणे सांगायचे. "पण तेव्हा पाणी कमी होतं."

धनेश म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

नयनामॅडमचे पुढचे प्रश्न आले, तसे रविनाने ते ओटीवर बसून वाचून दाखवले. शेवटी, आवाज जराही न बदलता, म्हणाली, "आणि विचारतायत, विहिरीला कठडा आहे ना? लहान मूल आहे बरोबर."

मूल खरं होतं, चार वर्षांची मुलगी. प्रश्न तेवढा रविनाचा.

घरात तपासणीला साहेब येणार असल्यासारखी धावपळ उडाली. धनेशने कंपनीत रजा टाकली, तलासरीहून सिमेंट आणलं. सुकऱ्याबाबांनी बांधावरचे दगड उचलून आणले. चौथ्या दिवशी कमरेएवढा कठडा उभा!

"मुंबईचं पोर यायचंय ना," सोनीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. "आपल्याला काळजी नको?" त्यांच्या कडेवर तुळशी होती.

त्या दुपारी रविना पहिल्यांदाच विहिरीकडे पाठ करून जेवली.

धनेशने मोठ्या हौसेने रविनाच्या फोनवरून कठड्याचा फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं.

'अरेच्चा, ही भिंत कधी आली? आधीची विहीर किती ऑथेंटिक दिसत होती! मुलीला खरं गाव दाखवायचंय हो. चार दिवसांपुरती काढता येईल का?'

रविनाने ते दोनदा वाचलं. ओटीवर तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगावं, तर धनेश आत्ताच पहार घेऊन उठेल. सिमेंट अजून ओलंच होतं. न सांगावं, तर बाई नाताळात येऊन स्वतःच्या तोंडाने सांगतील. आणि नाही म्हणावं, तर घरातलं पहिलंवहिलं बुकिंग हातचं जाईल.

"काय म्हणतायत?" धनेशने विचारलं. "आवडला ना?"

"थांबा, लिहितायत."

लिहीत ती होती. 'कठडा निघणार नाही. घरात लहान मूल आहे.' पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. पलीकडून काहीतरी लिहिलं जात होतं, मग थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग काहीच नाही.

रविनाने फोन पालथा ठेवला.

"आवडला," ती म्हणाली. "फक्त विचारतायत, अजून हातभर उंच होईल का?"

"शहरातली माणसं भारी भित्री," सुकऱ्याबाबा म्हणाले, आणि दगड बघायला उठले.