अर्ध्या औक्षणाचा फुगा

मी रेशमी फुगा बोलतोय. माणसाला आभाळात नेणारा, धारूरचा पहिला आणि बहुतेक शेवटचा.

मला बद्रीनाथरावांनी शिवलं. ते हैदराबादेत शिकून आलेले, म्हणून त्यांना सगळंच येत होतं. वायू गळू नये म्हणून माझ्या रेशमाला जवसाचं तेल चोपडलं. तेल पेटतं, पण ते किरकोळ.

मग पोटात काय भरायचं? गरम धूर निवला की मी खाली. हेलियम पेटत नाही. पण तो निघतो अमेरिकेत, धारूरच्या बाजारात नाही. उरला हायड्रोजन. तेजाबात लोखंडाचा कीस टाकला की तयार. सगळ्यांत हलका, गुणी वायू.

बाळाला कडेवर घेऊन त्यांची बायको सरस्वती रोज विचारी, "अहो, हा पेटतो का?"

"न्हाई गं. आगीजवळ नेला तरच."

एवढं ऐकूनही तिला धीर आला नाही. शिकलेल्या बाईचं असंच. थोडं कळतं आणि झोप जाते.

उड्डाणाच्या सकाळी किल्ल्यापाशी लई गर्दी. विडीवाल्यांना बद्रीनाथरावांनी लांब हाकललं. पण आईला कोण हाकलणार? ते टोपलीत चढले आणि केशरबाई लेकाला ओवाळायला पेटतं निरांजन घेऊन थेट माझ्या तोंडाखाली आल्या. माझं तोंड जरा गळकंच.

"आत्याबाई, दिवा वाढवा," सरस्वती कळवळून म्हणाली. शुभवेळी 'विझवा' म्हणू नये. फुटलेली बांगडीसुद्धा 'वाढली' म्हणायची, तसंच हे.

केशरबाईंनी वात वर सरकवली. "वाढवला. लेकाचं तोंड दिसाया नको का?"

मग सरस्वतीनं वाकून फुंकर मारली. भर गर्दीत, नवऱ्याच्या औक्षणाच्या दिव्यावर.

"अवदसे, कुकू जड झालं का तुला?"

तेवढ्यात दोर सुटले. आम्ही उडालो, आणि वडवणीपलीकडे मी बाभळीत फाटलो. बद्रीनाथराव जरा खरचटून बैलगाडीनं घरी आले.

"अर्ध्या ओवाळण्यावर वाचला," केशरबाई सांगत सुटल्या. "दिवा राहिला असता तर हैदराबादला पोचला असता." बद्रीनाथरावांनी मान डोलावली.

न झालेल्या स्फोटाचा पुरावा सरस्वतीनं कुठून आणायचा? साक्षीदार मी एकटा, आणि मी कडब्याच्या गंजीवर पांघरलेला.

तुमच्यात कुणी पुन्हा असला फुगा उडवणार असेल, तर खुशाल उडवा. फक्त ओवाळणं तेवढं घरी उरकून या.