वरचं सप्तक

“अजून वर घे,” बाई म्हणाल्या.

मी किल्ली खुंटीवर बसवली आणि फिरवल्यासारखं केलं. गेल्या तीन खेपांना खरोखरच फिरवली होती. पियानो लावण्यात अठ्ठावीस वर्षं घालवल्यावर एवढं तरी कळतं, की वरचं सप्तक उतरलेलं नव्हतं. उतरले होते ते बाईंचे कान. ऐंशी ओलांडलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? म्हणून मी त्यांना हवा तसा सूर चढवून द्यायचो, चहा प्यायचो आणि घरी जायचो.

आज मात्र वर येताना जिन्यात त्यांची विद्यार्थिनी भेटली. उरलेली एकुलती एक. आठ दिवसांवर तिची संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आली होती.

“काका, पास झाले ना, की मी घर सोडून तिकडेच राहणार. ऐका तर!” असं म्हणत तिने कठड्याला टेकून दोन ओळी गाऊन दाखवल्या. खालचं सगळं स्वच्छ. वर गेली, की प्रत्येक सूर केसभर चढा. मी लावून दिला होता, अगदी तेवढाच. “छान,” म्हणालो आणि उरलेल्या पायऱ्या चढलो. हल्ली त्या फार झाल्यासारख्या वाटतात.

मी एकोणीस वर्षांचा असताना घर सोडून या बाईंकडे गाणं शिकायला आलो. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. “गाऊन पोट भरतं का?” एवढंच ते म्हणाले, आणि स्टँडवर सोडायला आले नाहीत. बाईंनी मला स्वयंपाकघरामागची खोली दिली, ती सहा वर्षं. तापाने फणफणलो तेव्हा उशाशी बसल्या. आणि सहाव्या वर्षी एका साध्या मंगळवारी धडा मध्येच थांबवून म्हणाल्या, “तू गायक होणार नाहीस. तुझा कान सोन्याचा आहे, गळा बेताचा. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात नेऊन सोडलं. महिनाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पुढे माझे सोबती चाळिशीतही कुणीतरी गायला बोलावेल म्हणून वाट बघत बसलेले दिसले, तेव्हा बाईंनी मला कशातून वाचवलं ते कळलं. आणि त्याच बाईंशी मी तीन खेपा खोटं वागलो होतो.

“झालं का रे?”

“बाई, वरचं सप्तक बरोबर होतं. मी बिघडवलंय.”

“म्हणजे?”

“तुम्ही वर घे म्हणालात, मी घेतलं. तुम्हाला हल्ली ते... उतरलेलं ऐकू येतं.”

बाई उठल्या. पियानोपाशी येऊन त्यांनी वरची एक पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग लाकडाला कान लावून आणखी एकदा.

“आणि पोरगी?”

“चढतेय. केसभरच. पण परीक्षक तेवढंही सोडणार नाहीत.”

“आणि तू तीनदा चहा पिऊन गेलास!”

“हो.”

“गाढवा.” हा शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला होता, पण इतक्या दमलेल्या आवाजात कधीच नाही. “मला वाईट वाटेल म्हणून ना? तुला त्या मंगळवारी सांगितलं, तेव्हा मला काय गोड वाटलं होतं? दोन दिवस घास उतरला नव्हता माझ्या घशाखाली.”

हे मला ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्याचंही काही जात असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी नुसता किल्ली पुसत राहिलो.

“सगळं पहिल्यासारखं कर,” त्या म्हणाल्या. “मग तिला फोन लाव. चूक कुणाची ते मीच सांगेन तिला. उद्यापासून रोज सकाळी तूही यायचंस. श्वास आणि शब्द मी बघेन, सूर तू बघ.”

“आणि परीक्षेनंतर?”

“नंतर काय? ती गेली की दारावरची शिकवणीची पाटी काढायची.”

एकेका सुराला तीन तीन तारा. मी एकेक तार उतरवत गेलो. बाई शेजारी खुर्ची ओढून ताठ बसल्या होत्या. प्रत्येक पट्टी वाजली, की त्या पियानोकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी मान हलवली, की मग त्याही हलवायच्या.