पाठीला माती न लागलेला फळा

मित्रांनो, मी सांगतो त्यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. तरी सांगतोच. मी एक जुना फळा आहे, पण पाच पैलवानांना लोळवणारा फळा आहे!

विट्याजवळच्या एका गावात नानासो सुतारांनी आंब्याच्या चार फळ्या जोडल्या, काजळी फासली आणि मला शाळेत आणलं. मुलं माझ्यावर गावासाठी बातम्या लिहीत. अर्जुना पळत जाऊन बातमी आणायचा आणि सातवीतली मनुबाई ती खडूनं लिहायची. बाजाराला निघालेली माणसंसुद्धा थांबून वाचत. तेव्हा रोज ओल्या फडक्यानं माझं अंग पुसलं जाई.

चव्वेचाळीस साली स्नेहसंमेलनात कुस्त्या लागल्या. बातमीसाठी मला आखाड्याच्या कडेलाच उभं केलं होतं. शेवटची जोड होती मेंढरं राखणाऱ्यांचा बिराप्पा आणि शाळेला जागा देणाऱ्या हंबीररावांचा मानसिंग. बिराप्पानं त्याला दोनदा उचलला. तिसऱ्यांदा मानसिंगानं त्याचं डावं कोपर उलटं पिरगाळलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि बिराप्पा तोंडावर पडला. तोंडावर, मित्रांनो, पाठीवर नव्हे! पण पंचांनी हंबीररावांकडे पाहिलं आणि पुकारलं, "बिराप्पा चीत!"

बिराप्पा उठला. ओठातून रक्त, हात लोंबता.

"चल रं, हाड बसवून घिऊ," अर्जुना म्हणाला.

"न्हाई. आधी बातमी लिवा. बा इचारंल, पाठ लागली का म्हणून. काय सांगू?"

मनुबाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बिराप्पाची पाठ मातीला लागली नाही.'

"पुस ते, पोरी!" हंबीरराव गरजले.

"आवं, समद्यांनी बघितलंय. फळा पुसाल, डोळं कसं पुसाल?" मनुबाई म्हणाली.

मग हंबीररावांचे पाच गडी काठ्या घेऊन धावले. अर्जुनाचे दोन दात पडले. मनुबाईच्या बोटांवर काठी बसली आणि हातातला खडू लाल झाला. मोडका हात छातीशी धरून बिराप्पा माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्याही डोक्यात काठी बसली.

आणि मित्रांनो, मी उठलो! पहिल्याचं नाक चपटं केलं. दुसऱ्याचा जबडा असा फिरवला की तो आठ दिवस पाठीमागून जेवत होता. तिसरा उडाला तो थेट येरळेच्या पात्रात! उरलेले दोघे मिशा तिथंच टाकून पळाले. पाचही काठ्या माझ्यावर मोडल्या, पण मी ताठ. माझी पाठ मातीला लागली नाही ती नाहीच!

आज मी अडगळीत पडलो आहे. काजळी उडाली, कडा वाळवीनं खाल्ल्या. हेडमास्तरांनी मला फोडून चुलीत घालायला सांगितलं आहे. मित्रांनो, अशा शूराला जाळू नका. ओलं फडकं फिरवा, एक खडू द्या. अजून पुष्कळ खऱ्या बातम्या...

"खऱ्या? लय झालं की!"

दारात शाळेचा शिपाई उभा होता. उजव्या हातात कुऱ्हाड, डावं कोपर वाकडं. तो बिराप्पाच होता.

"काठी बसली तसा मी मागं कोसळलो. तू माझ्याखाली आडवा झालास. मनीची अक्षरं माझ्या घामानं पुसली, खडू समदा माझ्या पाठीला. बानं तीच पाठ बघितली."

त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"पाठ तुझी लागली मातीला, गड्या. माझी न्हाई."