सत्तेचाळीस नंबरचा वास

"केळं कच्चं का पिकलेलं?" संयोगितानं विचारलं.

"पिकलेलं."

"साल का गर?"

मी बाटलीचं तोंड पुन्हा नाकाशी नेलं. समोर ताटात भाकरी निवत होती. "साल. आन् मागनं जरा गुलाबासारखं कायतरी."

"किती? पाचात?"

"तीन."

तिनं वहीत तीनचा आकडा लिहिला, बाटलीला बूच लावलं आणि मग कुठं मला जेवायची परवानगी मिळाली.

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे, वडिलांपासूनची. गळ्यात माळ आहे, दारूचा थेंब कधी जिभेवर घेतलेला नाही. आणि माझी बायको कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते आणि सात वर्षं वाइनच्या वासावर संशोधन करते. यार्डातले दोस्त विचारतात, "भाऊसो, वैनींचं दारूचं कसं काय चाललंय?" मी म्हणतो, "झकास. आमी नुसत्या वासावर भागवतो."

तिच्या कामातलं मला जेवढं कळलं तेवढं असं. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट नावाचा डोळ्याला न दिसणारा जीव असतो. तो रसातली साखर खातो, तिची दारू करतो आणि हे करता करता वास तयार करतो. रस तोच, पण यीस्ट बदललं की वास बदलतो. आपल्या भागातलं यीस्ट शोधायला ती तासगावपासून पलूसपर्यंत साठ बागा फिरली. औषधं मारून मारून द्राक्षांवर काही जिवंतच उरलेलं नव्हतं. शेवटी एका वस्तीवर, गोठ्याच्या कडेला, कुणी न फवारलेला एक वेल सापडला. द्राक्षं इतकी आंबट की शेळीनंही तोंड लावू नये. त्यावर जे मिळालं त्याचा तिच्या रजिस्टरातला नंबर सत्तेचाळीस. त्या दिवशी तिनं घरी शिरा केला होता.

प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. ते वासाचे घटक वेगळे करतं आणि कागदावर डोंगर काढतं, एक उंच, एक ठेंगणा. कोणता डोंगर कोणत्या वासाचा हे संयोगिताला तोंडपाठ. पण यंत्र नुसतं नाव सांगतं. वास चांगला का वाईट, ते माणसाच्या नाकालाच विचारावं लागतं. त्यासाठी तिनं नऊ जणांचं मंडळ केलं होतं आणि नववी ती स्वतः होती.

मी त्या मंडळात नव्हतो. पण गेली तीन-चार वर्षं ती रोज संध्याकाळी एक तरी बाटली घरी आणायची. मला वाटायचं, बाईनं उशिरा का होईना नवऱ्याची किंमत ओळखली. आमचे वडील, तात्याबा, हरिपूरला हळदीच्या पेवाचं, म्हणजे जमिनीखालच्या कोठाराचं, तोंड उघडलं की काठावर बसून नुसत्या वासावर सांगायचे, खालचा माल कसा आहे. ते नाक माझ्याकडं आलंय असं मी मानत होतो. तिच्या प्रश्नांनी मलाही नाद लागला. हळकुंड मोडलं की लिंबाचा वास येतो, हे मला पन्नाशीत कळलं. भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी आणलेले पेढे मी खाण्याआधी हुंगले आणि बहीण माझ्याशी दोन महिने नीट बोलली नाही.

पण एक गोष्ट मला खटकत होती. ती रोज मला विचारायची, स्वतः कधीच काही सांगायची नाही. म्हणून मंगळवारी मी गंमत करायची ठरवली. ती हातपाय धुवायला गेली तेवढ्यात तसलीच एक रिकामी, घासून ठेवलेली बाटली घेतली आणि नळाखाली धरली. ती आल्यावर म्हणालो, "रोज मीच का? आज आधी तू सांग."

तिनं बाटली नाकाशी नेली. डोळे मिटले. बराच वेळ घेतला.

"गुलाब," ती म्हणाली. "आणि मागनं थोडं केळं. सत्तेचाळीसच हाय."

मी हसायच्या तयारीत होतो. ते हसू तोंडातच राहिलं.

"संयोगिता, नळाचं पाणी हाय त्यात."

तिनं बाटली खाली ठेवली. बूच शोधलं, लावलं. मग म्हणाली, "कोरोनापास्नं येत न्हाई."

"काय येत न्हाई?"

"कायबी न्हाई. दूध करपलेलं धूर दिसल्यावर कळतं. पयल्यांदा वाटलं, यील परत. डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबले." ती वहीची पानं चाळत होती. "रिपोर्टात माझ्या नावापुढं जे आकडे हायत, ते तुमचे हायत. वासावर काम करणाऱ्या बाईलाच वास येत न्हाई, हे कुणाला सांगू?"

मला राग आला. चार वर्षं माझं नाक वापरलं आणि मलाच सांगितलं नाही. पण ती पुढं जे बोलली त्यानं माझा राग विरघळला.

"आई गेली आणि चार महिन्यांनी नाक गेलं. तिचं एक लुगडं ठेवलंय कपाटात. मधनंच काढते, बघते. नुसतं कापड लागतं नाकाला."

माझ्या सासूबाईंचं, मनुबाईंचं ते लुगडं मी पाहिलं होतं. ते ती का काढते, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. बाटल्यांबद्दल एवढी चौकशी करणारा मी, हे एक विचारायचं राहिलं होतं.

आणि खरी अडचण पुढंच होती, येत्या शनिवारची. त्या दिवशी एका वायनरीचे लोक येणार होते. बाहेरून आणलेलं पाकिटातलं यीस्ट वापरायचं की सत्तेचाळीस नंबर, हे ते ठरवणार होते. तिथं प्रत्येकासमोर तीन पेले ठेवायचे; दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. मंडळाची प्रमुख म्हणून सगळ्यांसमोर आधी तिनं. तिथं यंत्राचा कागद कामाचा नव्हता. चुकली तर सात वर्षांवर पाणी.

"मी येतो," मी म्हणालो. "तुझ्या शेजारी बसतो."

यार्डात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे. बोलायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही. मी तात्याबांचा जुना रुमाल काढला आणि तिला शिकवलं. पहिला पेला तर एक बोट, दुसरा तर दोन. ती नको म्हणाली नाही.

शनिवारी एक जण आजारी पडला म्हणून माझी सोय झाली. वायनरीचे राजवर्धन म्हणून तिशीचे गृहस्थ होते, बोलायला मऊ. संयोगिताची विद्यार्थिनी राजनंदिनी हिनं पेले मांडले. मी तिन्ही हुंगले. पहिला आणि तिसरा सरळ, स्वच्छ, दुकानातल्या सरबतासारखे. दुसऱ्यात साल होती, गुलाब होता, आणि तळाशी गोठ्याकडचा ओला पाला. एवढी खात्री मला स्वतःच्या मालाचीही कधी वाटली नव्हती. मी रुमालाखाली तिची दोन बोटं घट्ट दाबली.

"मॅडम, कोणता?" राजवर्धननी विचारलं.

तिनं हात रुमालाखालून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला चार वर्षं वास येत नाही. अहवालात माझ्या नावापुढचे आकडे माझ्या यजमानांचे आहेत. ती ओळ काढून टाका. बाकी आठ जणांचे आकडे खरे आहेत आणि यंत्राचे कागद माझ्या हातचे आहेत."

राजनंदिनीनं हातातला ट्रे खाली ठेवला. मी रुमालाकडं बघत बसलो. मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

राजवर्धननी चष्मा पुसला. "तरी मॅडम, चार वर्षं काम चालू ठेवलंत. कसं?"

"विचारून," ती म्हणाली. "केळं का, कच्चं का पिकलेलं, साल का गर. दिसत नसलं की माणूस विचारतच रस्ता काढतो."

त्यांनी आठच ओळी धरल्या. माझ्यासकट आठांतल्या सहांनी दुसरा पेला ओळखला. जाताना ते सत्तेचाळीसच्या दोन बाटल्या घेऊन गेले आणि महिनाभरात कळवतो म्हणाले. कॉलेजच्या फॉर्मवर मंडळाच्या प्रमुखाचं नाव संयोगितानं स्वतः खोडलं आणि राजनंदिनीचं लिहिलं. प्राचार्यांसाठी अर्ज लिहिला, त्यात सगळं कबूल केलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं.

घरी आलो. चहा झाला. मग ती आत गेली आणि ते लुगडं घेऊन आली. हिरवं, काठ विरलेला. तिनं वही उघडली, तारीख घातली, आणि लुगडं माझ्यापुढं ठेवलं.

"बघा."

मी घडीत नाक घातलं. आधी डांबरगोळी, मग पुन्हा डांबरगोळी. मी आतली घडी उलगडली, तिथं थांबलो.

"धूर," मी म्हणालो.

"चुलीचा का शेगडीचा?"

"चुलीचा. शेणकूट. आन् तंबाखू."

"कच्ची का भाजलेली?"

"भाजलेली. मशेरी."

ती लिहीत होती. पेन्सिल जरा थांबली. "किती? पाचात?"

खोटं सांगणं सोपं होतं. रुमाल अजून माझ्या खांद्यावरच होता. मी तो तिच्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि माझं एक बोट तिच्या तळहातावर ठेवलं.

एकच. तिनं ते मुठीत धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.