मागे राहिलेलं मशीन

तिने नवं मशीन रॅकमध्ये सरकवलं, केबल खटकन बसवली आणि जुन्या तिन्ही मशीनच्या नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. शहराच्या पाणीपुरवठ्याची सगळी माहिती या तिघांवर असे. एकावर लिहिलं की बाकीच्या दोघांवर आपोआप उतरायचं. आज चौथं जोडायचं होतं. त्याआधी तिघांचं एकमत आहे ना, एवढं बघून घ्यायची तिची सवय.

एकमत नव्हतं. तिसरं मशीन नऊ दिवसांपूर्वी बिघडून मागे राहिलं होतं, त्यानंतरचे बदल त्यावर उतरलेच नव्हते. त्यावर सातव्या टाकीच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या चौपट होतं. उरलेल्या दोघांवर तीच टाकी धुतल्या तांदळासारखी.

बदल कुणी केला, तेही नोंदलेलं होतं. नाव तिचंच होतं.

त्या दिवशी वडिलांचं ऑपरेशन होतं, ती रजेवर होती. साहेबांनी फोन करून पासवर्ड मागितला. "किरकोळ काम आहे गं," म्हणाले होते. तिने ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्याउभ्या तो सांगून टाकला होता.



साहेब दात कोरत आत आले. काडीच्या टोकाला जे निघालं ते त्यांनी निरखून पाहिलं आणि परत तोंडात घातलं.

"झालं का?"

"सातव्या टाकीचे आकडे बदललेत."

"दुरुस्त केलेत," ते खुर्चीत रेलले. "पाइप बदलायचं काम निघणारच आहे. उगाच बोभाटा कशाला? तिसरं पुसून टाक, चौथ्यावर पहिल्याची प्रत उतरव. विषय संपला."

"त्या टाकीवर दोन शाळा आहेत, साहेब."

"अगं, माझ्या मुलीचं घरसुद्धा त्याच टाकीवर आहे. तिला मी त्याच दिवशी बाटल्यांचं पाणी लावून दिलं."

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. तिला त्यांच्याकडे बघवेना, आणि कीबोर्डवरच्या स्वतःच्या बोटांकडेही. तिने आज्ञा लिहिली. प्रत उतरू लागली.

साहेब मागून वाकले. त्यांचा आंबूस श्वास तिच्या मानेला लागला.

"कुठून घेतेयस?"

"तिसऱ्यावरून."

"डोकं ठिकाणावर आहे ना? चौकशी झाली तर नाव कुणाचं निघेल?"

"माझं."

तिने फोन उचलून प्रयोगशाळेचा नंबर फिरवला. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या बाईंनीच घेतला.

"सातव्या टाकीचा मूळ अहवाल आहे का तुमच्याकडे?"

"आहे ना," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "नऊ दिवस झाले. कुणीतरी विचारेल म्हणून थांबले होते."